फरशीचं कारण

"कुत्र्याचं फोनवर काही बोलला नव्हतात," मी म्हणाले.

बाई अवघडल्या. त्यांच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हाताला सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या पायाशी तपकिरी रंगाचं, एक कान पडलेलं गावठी कुत्रं बसलं होतं. जीपवाला फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून थांबला होता. जमलं नाही तर तसंच परत जायचं होतं त्यांना.

"बोलले असते तर तुम्ही खोल्या दाखवल्याच नसत्या," बाई म्हणाल्या. "तीन ठिकाणी तसंच झालंय. म्हटलं, आधी बघा तर त्याला. अजिबात त्रास देत नाही."

त्यांचं नाव अनुराधा हिरेमठ. मूळच्या सोलापूरच्या. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या कामावर कंत्राटी म्हणून नुकत्याच लागल्या होत्या. नवरा सुरतेला कापड गिरणीत. मुलीचं नाव चिन्मयी, तिला चिनू म्हणायचे. कुत्र्याचं नाव पेढ्या, हे मुलीनंच मला न विचारता सांगितलं.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. आमचा मळा जुन्नर तालुक्यात, गावापासून दोन किलोमीटर आत. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. घराला लागून आम्ही दोन खोल्या नव्यानं बांधल्या होत्या. पुढे ओटा, ओट्याच्या टोकाला पत्र्याच्या दाराची अवजारांची खोली. त्या दोन खोल्या पाच महिने रिकाम्या पडल्या होत्या.

"मॅडम, माणसांना नाही म्हणत नाही मी," मी म्हणाले. "पण कुत्रं नको."

"का हो ताई?"

माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागे उसाकडे गेली. मग मी खाली बघितलं आणि पहिलं जे सुचलं ते बोलले. "नवी फरशी आहे. नखांचे ओरखडे उठतात. आणि घरात घाण होते."

"एवढंच ना?" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग त्याला घरात घेतच नाही. ओट्यावर बांधू. हवं तर तसं कागदावर लिहून घ्या."

फरशीचं कारण माझंच होतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा नाकारायला माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगायचं नव्हतं.

"चिनू पाच वाजता शाळेतून येते," त्या म्हणाल्या. "मला यायला साडेसहा होतात. दीड तास पोर एकटी असते. तो असला की तिला भीती वाटत नाही."

आठवड्याभरात करार केला. छापील मजकूर अकरा महिन्यांचा होता. मॅडम म्हणाल्या, माझी नेमणुकीची ऑर्डर तीन-तीन महिन्यांची निघते, पुढची निघेल की नाही कुणी सांगू शकत नाही, मला अकरा महिन्यांत अडकवू नका. मी लगेच हो म्हणाले. खाली पेनानं लिहिलं, 'भाडेकरूने आठ दिवस आधी कळवून खोल्या सोडाव्यात.' त्याखाली लिहिलं, 'कुत्रा पाळण्यास परवानगी. कुत्रा घरात घेऊ नये, ओट्यावर बांधावा.' आणि मग पेन खाली ठेवता ठेवता मी परत उचललं नि आणखी एक ओळ लिहिली, 'संध्याकाळी सहानंतर कुत्रा अवजारांच्या खोलीत बंद ठेवावा.'

"सहानंतर का?" मॅडमनी विचारलं.

"भुंकतं ना. शेजाऱ्यांची तक्रार नको."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांत जवळचं घर सोपानभाऊंचं, तेही उसापलीकडे अर्ध्या किलोमीटरवर. त्या जराशा हसल्या आणि त्यांनी सही केली.

जाताना त्यांनी सहज विचारलं, "आधीचे भाडेकरू का गेले हो?"

"बदली झाली त्यांची," मी म्हणाले.

दिवाळीनंतर त्या राहायला आल्या. घरात माणसांचे आवाज आले. आमचा मुलगा पुण्यात वसतिगृहात होता. हे टोमॅटोचा टेम्पो घेऊन दर दोन दिवसांआड वाशीच्या बाजाराला जायचे. दुपारी निघायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत. आता भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या, पाढे, रेडिओ ऐकू यायचा. चिनू शाळेतून आली की दप्तर टाकून ओट्यावर पेढ्याशी बोलत बसायची. मी अंगणात काही ना काही काम काढून तिच्यावर नजर ठेवायचे. पावणेसहा झाले की हाक मारायचे, "चिनू, पेढ्याला आत घाल." ती कुरकुर करत घालायची. पत्र्याच्या दारामागे पेढ्या केविलवाणा आवाज काढायचा.

"काकू, त्याला अंधाराची भीती वाटते," ती एकदा म्हणाली.

"होईल सवय."

"पण तो तर भुंकतच नाही. मग कशाला कोंडायचं?"

मी खराटा उचलून अंगण झाडायला लागले. ज्या नियमाचं कारण सांगितलेलं नसतं तो नियम कुणी मनापासून पाळत नाही, हे मला तेव्हा कळत होतं. मॅडमही हळूहळू सैल पडल्या. सुट्टीच्या दिवशी सात-सातपर्यंत पेढ्या ओट्यावरच असायचा. मी बोलले की त्या म्हणायच्या, "घालते हो ताई, पाच मिनिटं." मी आत जाऊन खिडकीतून बघत उभी राहायचे. ती पाच मिनिटं मी उसावरची नजर काढायचे नाही.

डिसेंबरातला गुरुवार होता. हे दुपारीच टेम्पो घेऊन गेले होते. डिसेंबरात सहाच्या आधीच सूर्य जातो आणि उसामुळे आमच्या अंगणात आणखी लवकर अंधारतं. मी दोरीवरचे कपडे काढत होते. हाक मारायला उशीर झाला होता, कारण दूधवाल्याशी बोलण्यात वेळ गेला होता. वळून बघितलं तर चिनू ओट्याच्या खालच्या पायरीवर उकिडवी बसली होती. पेढ्याला तिनं अजून आत घातलं नव्हतं; तो ओट्यावर साखळीलाच होता आणि ती ताटलीत पोळी कुस्करून त्याला भरवत होती. तिची पाठ उसाकडे होती.

पेढ्या खात नव्हता. त्याचे दोन्ही कान, तो पडलेलासुद्धा, ताठ झाले होते.

वारा नव्हता. तरी पाण्याच्या हौदापलीकडे उसाचे शेंडे एका रेषेत हलले. मग थांबले. मी हौदाकडे बघत राहिले. हौदाच्या कडेवर आधी दोन कान दिसले. मग डोकं. बिबट्या तिथं बसून चिनूकडे बघत होता. मध्ये फार तर पंधरा पावलं असतील.

माझ्या हातातले कपडे खाली पडले. वनखात्याचा माणूस गावात येऊन सांगून गेला होता, ते सगळं एका दमात आठवलं. पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. वाकायचं नाही, बसायचं तर अजिबात नाही. बसलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं.

आणि पोर उकिडवी बसली होती.

मी चालायला लागले. पळू नको, पळू नको, असं स्वतःला बजावत चालले. अंगण एवढं मोठं आहे हे मला कधी माहीत नव्हतं. माझी नजर हौदावर होती.

"चिनू," मी म्हणाले. "उभी राहा बघू."

"का?"

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पळाली असती. "तुझी उंची बघायचीय मला. किती वाढलीस ते. सरळ उभी राहा."

ती उठली. टाचा जुळवून, मान वर करून उभी राहिली. तोवर मी तिच्या आणि हौदाच्या मधे आले होते. बिबट्या उठला. तो गेला नाही. पोट जमिनीला लावून दोन पावलं पुढे आला. मी एका हातानं चिनूला दंडाला धरून वर ओढलं, ओट्यावर, दाराच्या दिशेनं. मला फक्त पोर आत न्यायची होती. कुत्र्याचा विचार मी केला नव्हता. खरं सांगायचं तर केला होता. कुत्रं मागे राहिलं की तो त्याला नेईल आणि आपल्यामागे येणार नाही, एवढा विचार केला होता.

पण चिनूची बोटं पेढ्याच्या पट्ट्यात अडकली होती. तिनं माझ्या मागे बघितलं आणि तिला दिसलं. ती ओरडली नाही. फक्त पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"सोड," मी म्हणाले.

"पेढ्यालापण."

"चिनू, सोड."

तिनं मान हलवली. तिला उचलावं तर बरोबर साखळी ताणली जात होती. मला एक हात मोकळा करून पट्ट्याचं बक्कल काढावं लागलं. त्यासाठी वाकावं लागलं असतं, म्हणून मी पेढ्यालाच पट्ट्याला धरून साखळीसकट वर ओढलं, छातीशी धरलं आणि उभ्यानं बक्कल चाचपलं. मागून खोल, खरखरीत आवाज आला, करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा. बक्कल सुटलं. साखळी ओट्यावर आपटली. आम्ही तिघं आत पडलो आणि मी पाठीनं दार लोटून कडी लावली.

नव्या फरशीवर पेढ्या मुतला. तो थरथरत होता आणि तोंडातून आवाज काढत नव्हता. चिनू पलंगाखाली शिरली आणि तिनं त्याला ओढून आत घेतलं.

दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीशी कुणीतरी श्वास घेतला. एकदा, मग दुसऱ्यांदा. उग्र वास आत आला. मग ओट्यावर पंज्यांचा हलका आवाज, साखळीला धक्का लागल्याचा आवाज, आणि शांतता. खिडकीला जाळी होती. मी भिंतीला चिकटून बघितलं. तो ओट्यावर बसला होता, अगदी निवांत, मांजर बसतं तसा. तोंड फाटकाकडे.

फाटकाकडे, म्हणजे जिथून मॅडम येणार होत्या.

साडेसहाला त्यांची गाडी उसाच्या वळणावरून यायची. फाटकापाशी त्या गाडी बंद करायच्या, उतरून कडी काढायच्या, गाडी ढकलत अंगणातून ओट्यापर्यंत यायच्या. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

हे घरी नसले की मी मोबाइल कमरेला खोचून ठेवायचे. मॅडमचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत तेच. गाडी चालवताना त्या फोन पिशवीत टाकायच्या, मला माहीत होतं. मी सोपानभाऊंना लावला. त्यांना अर्धंच बोलले तर ते म्हणाले, "वैनी, दार उघडू नका. ट्रॅक्टर काढतो." पण ट्रॅक्टरला यायला बांधावरून पंधरा-वीस मिनिटं तरी लागणार होती.

"आईला फोन लागत नाही?" पलंगाखालून चिनूनं विचारलं. इतक्या हळू की मला वाटलं मीच मनात बोलले.

"लागेल."

"आईला माहितीये का तो इथं असतो ते?"

मी परत नंबर लावला. या वेळी त्यांनी उचलला. मागे फाट्यावरच्या गर्दीचा आवाज येत होता. त्या पाव घ्यायला थांबल्या होत्या.

"काय झालं ताई? दोन मिस्ड कॉल…"

"तिथंच थांबा. येऊ नका."

"चिनूला काय झालं?"

"चिनू माझ्याजवळ आहे. तिला काही झालं नाही. पण तुम्ही येऊ नका."

"का पण?"

मी जाळीतून बघत होते. त्याचा कान हलला, माझ्या आवाजानं असेल.

"ओट्यावर बिबट्या बसलाय."

पलीकडे पाववाला त्यांच्याकडे सुटे पैसे मागत होता.

"कुठून आला?" मॅडमनी विचारलं.

इथंही खोटं बोलता आलं असतं. कुठूनतरी आला, आज पहिल्यांदाच आला, म्हणता आलं असतं. त्यांना पटलंही असतं. पण पलंगाखालून ती पोर ऐकत होती.

"कुठून आला नाही," मी म्हणाले. "इथंच असतो. तीन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गोठ्यातलं वासरू नेलं. आधीच्या भाडेकरूंची बदली झाली नव्हती. त्यांच्या बाईंनी हौदाच्या भिंतीवर त्याला बघितला आणि चौथ्या दिवशी ते गेले. कुत्र्याच्या वासानं तो घराशी येतो. म्हणून मी कुत्र्याला नको म्हणत होते. फरशीचं काही नव्हतं."

मी म्हणाले, "मॅडम, ऐकताय ना?"

"तुम्ही मला त्याला ओट्यावर बांधू दिलंत," त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला.

ती पुढची वीस मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. त्या फाट्यावर थांबल्या आहेत की रागानं तशाच निघाल्या आहेत, ते कळायला मार्ग नव्हता. पोर आत आहे म्हटल्यावर आई थांबते का? प्रत्येक वेळी रस्त्यावर उजेड हलला की मी जाळीला चिकटायचे. एकदा तो उठला आणि मला दिसेनासा झाला. ते जास्त वाईट होतं. तो ओट्यावर होता तेव्हा निदान कुठे आहे ते माहीत होतं.

शेवटी ट्रॅक्टरचा आवाज आला. सोपानभाऊंनी दोन्ही दिवे लावून, हॉर्न दाबून धरून ट्रॅक्टर सरळ अंगणात घातला. मागच्या ट्रॉलीत चार-पाच जण डबे बडवत होते. त्यांच्यात मॅडम होत्या. माणसं गोळा करायला भाऊ आधी फाट्यावर गेले होते, तिथून त्यांनाही घेऊन आले होते. उसात काहीतरी मोडत गेल्याचा आवाज झाला आणि दूर गेला.

मी दार उघडलं. मॅडम माझ्याकडे न बघता आत आल्या, पलंगापाशी जमिनीवर आडव्या झाल्या आणि हात आत घातला. चिनू आईच्या हाताला धरून बाहेर आली, पाठोपाठ पेढ्या. मॅडमनी पोरीच्या अंगावरून, पाठीवरून, पायांवरून हात फिरवून बघितला. मग पेढ्याच्या अंगावरूनही.

माणसं अर्धा तास थांबली. भाऊंनी वनखात्यात फोन केला, सकाळी पिंजरा येईल म्हणून सांगितलं आणि मंडळी गेली. मॅडमनी स्टोव्ह पेटवला. चिनूला दूध दिलं. मग दोन कप चहा केला आणि एक माझ्यापुढे ठेवला.

"का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "खोल्या रिकाम्या राहतील म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळे घरमालक तसंच करतात, त्यांनी तेवढ्यावर मला सोडून दिलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "हे बाजाराला गेले की मी इथं एकटी असते. रात्री तो गोठ्याभोवती फिरतो, ते मला आतून ऐकू येतं. मी तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहते. मला घरात माणसं हवी होती. कुणीही. सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

मॅडमनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. तो खाली ठेवून त्यांनी फडक्यानं फरशीवरचं पेढ्याचं मूत पुसलं.

"माझ्या पोरीला सोबतीला ठेवलंत," त्या शेवटी म्हणाल्या.

मी उठले. माझ्या घराचं दार बाहेरून वळसा घालून पलीकडच्या बाजूला होतं, अंधारात. उंबऱ्यापर्यंत गेले आणि पाऊल बाहेर पडेना.

"तुमचे मिस्टर कधी येतात?" मागून त्यांनी विचारलं.

"उद्या दुपारी."

"कडी लावा आणि इथंच झोपा."

त्यांनी मला चिनूच्या शेजारी अंथरूण घालून दिलं. पेढ्या दाराशी फरशीवर झोपला.

सकाळी त्यांनी दवाखान्यात रजा कळवली आणि सामान बांधायला घेतलं. दवाखान्यामागेच एका परिचारिकेकडे तात्पुरती सोय झाली होती. जीप दहाला आली. वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली. सामान जीपमध्ये चढलं. चिनू पेढ्याला घेऊन पुढे बसली. मला वाटलं आता निघतील. पण मॅडमनी जीपवाल्याला काहीतरी सांगितलं आणि त्या पिशवी शेजारी ठेवून ओट्यावर येऊन बसल्या. जीपवाल्यानं इंजिन बंद केलं.

"उशीर होतोय का?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

अकरा वाजले, बारा वाजले. मी जेवायचं विचारलं, त्यांनी नको म्हटलं. चिनू दोनदा हाका मारून गेली. एकच्या सुमाराला वळणावर ह्यांच्या टेम्पोचा आवाज आला. टेम्पो फाटकातून आत आला, हे खाली उतरले, तेव्हा मॅडम उठल्या, पिशवी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.